ढालीवरचा ठसा

ती गेल्याचा फोन आला तेव्हा तोफेच्या ढालीवरचा रंग ओला होता.

चष्मेवाल्याने फोन कानाला लावला, "हो, मीच बोलतोय" म्हणाला, आणि पलीकडचा माणूस सांगत असताना हातातला ब्रश थिनरच्या बाटलीत सोडला. सवयच तशी. ब्रश वाळला की कामातून गेला. बायको बहिणीकडे जायला निघाली होती, बसस्टॉपच्या बाकावर बसली आणि बसल्या जागी गेली.

निघताना, पायात चपला घालून झाल्यावर, ती टेबलापाशी आली होती.

"वाळला का हो?"

"हात लावू नकोस."

"लावला."

ढालीच्या मधोमध तिच्या बोटाचा ठसा उमटला होता. ढाल काडेपेटीएवढी. तोफेमागे जो गोलंदाज उभा करायचा, त्याच्या मांडीपर्यंत येईल एवढा मोठा ठसा.

"झालं! आता सगळं घासून पुन्हा रंगवा," तो वैतागला.

"असू दे की. शत्रूला कळायला नको, तोफ कोणाची आहे ते?" ती हसली. "बरं बाई, आल्यावर घासून देते."

चष्म्याचं दुकान बंद केल्यापासून दोघांचा हाच उद्योग होता. जुन्या लढायांमधले रणगाडे, लष्करी ट्रक, तोफा. सगळं प्लास्टिकचं, खोक्यात सुटं येणारं, खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्श्याचं. ती प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले भाग कापून द्यायची, तो चिकटवायचा आणि रंगवायचा. गाड्या त्याच्या, पण सैनिकांचे चेहरे तिने रंगवायचे. भाग कापताना एकदा पातं सटकलं आणि तिच्या उजव्या तर्जनीवर तिरका व्रण राहिला.

सगळं उरकून पाहुणे गेल्यावर त्याने दुकानातलं जुनं भिंग डोळ्याला लावलं. ढालीवरचा रंग आता खडखडीत वाळला होता. ठशाच्या बारीक रेघा होत्या आणि त्यांना छेदून जाणारी तिरकी रेघही होती. त्याने ढालीवर काचेचा वाडगा पालथा घातला. त्यानंतर तो रोज त्या टेबलाशी बसायचा, पण हात कशालाच लावायचा नाही.

एके दिवशी न्हाव्याकडून दाढी करून तो खोलीत आला तर टेबल मोकळं. वाडगा उताणा.

"अगं, तोफ कुठंय?"

मुलगी स्वयंपाकघरातून आली. आई गेल्यापासून ती माहेरीच राहिली होती. "मेजरकाका घेऊन गेले. क्लबच्या प्रदर्शनाच्या आत पूर्ण करून आणतो म्हणाले. बाबा, तुम्ही नुसते बघत बसता हो दिवसभर. म्हटलं, पुरी झालेली दिसली तर तुम्हाला जरा बरं वाटेल."

"ढालसुद्धा दिलीस?"

"सगळंच दिलं. का?"

"ढाल बघून काय म्हणाला तो?"

"म्हणाले, रंग बिघडलाय. उतरवून नव्याने देतो."

चष्मेवाला फोनकडे वळला. त्याने मेजरला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. रंगाचा फवारा चालू असला की मेजरला त्याच्या पंपाच्या आवाजापुढे काही ऐकू येत नाही, हे त्यांच्या मॉडेलवाल्यांच्या अख्ख्या क्लबाला ठाऊक होतं.

"गाडी काढ."

"अहो, पण झालंय काय?"

"तुझ्या आईचं बोट आहे त्याच्यावर."

मुलीने गॅस बंद केला आणि ओल्या हातांनीच किल्ली घेतली.

रस्त्यात सिग्नल लाल होता. चष्मेवाला मनात हिशेब करत होता. मेजर जन्मात कधी सैन्यात नव्हता, वीज कंपनीत मीटर तपासायचा. मेजर तो मिशांमुळे. पण शिस्तीचा पक्का. आधी चाकं, मग गाडा, मग नळी, ढाल सगळ्यात शेवटी. म्हणजे अजून वेळ होता. पण बोटाचा ठसा बघून मेजरला शिस्त सुचेल का? क्लबात कामावर ठसा राहणं म्हणजे नाक कापल्यासारखं. मित्राची अब्रू झाकायची म्हणून त्याने ढालच आधी घेतली असेल तर?

"हॉर्न वाजव ना!"

"बाबा, पुढे शाळेची बस आहे."

मेजरचं दार लोटलेलं होतं. आत फवाऱ्यासाठी हवा भरणारा पंप घरघरत होता. टेबलावर स्टीलच्या वाडग्यात थिनर, त्यात चाकं आणि नळी बुडालेली, वर हिरवा तवंग. ढाल कुठेच दिसत नव्हती.

चष्मेवाल्याने भिंतीतलं बटण बंद केलं. मेजर दचकून वळला.

"अरे, तू? घात केलास, गुपचूप आणून देणार होतो!"

"ढाल कुठंय?"

"थांब, ओरडू नकोस. आता काय सांगू तुला... इतक्या वर्षांचा माणूस तू, आणि नवशिक्यासारखं बोट? म्हटलं, कुणी बघायच्या आत आधी तेवढं—"

"ढाल, मेजर."

मेजरने डावी मूठ उघडली. तळव्यावर ढाल होती. उजव्या हातात ओला पॉलिश पेपर. ढालीची एक कड घासून पांढरी पडली होती, आणि तो पांढरा पट्टा ठशाच्या आत शिरला होता.

"ते माझं बोट नाही," चष्मेवाला म्हणाला.

मेजरने मुलीकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते. त्याने पॉलिश पेपर खाली ठेवला आणि ढाल पुढे केली.

"वहिनी?"

चष्मेवाल्याने मान हलवली आणि खिशातून भिंग काढलं. वरच्या रेघा गेल्या होत्या. तिरकी रेघ शाबूत होती.

"मला सांगायचंस की रे," मेजर खालच्या आवाजात म्हणाला. मग म्हणाला, "आता निदान वॉर्निशचा पातळ हात देऊ. नाहीतर हाताळून हाताळून उरलाय तोही झिजेल."

"आणि वॉर्निशने खालचा रंग सुरकुतला तर?"

मेजरने मिशीला हात लावला. सुरकुततो कधी कधी, हे दोघांनाही माहीत होतं.

मेजरने चाकं आणि नळी नव्याने रंगवून आणून दिली. तोफ आता टेबलावर उभी आहे, मागे गोलंदाज आहेत, त्यांना चेहरे नाहीत. ढाल वाडग्याखाली आहे. वॉर्निशची बाटली शेजारी आहे, तिचं झाकण अजून उघडलेलं नाही. ढालीला वॉर्निश द्यायचं राहिलं आहे.