खोट्या आकाशाखालचे घड्याळ

मित्रांनो, मी एक जुने भिंतीवरचे घड्याळ आहे. पांढरा चेहरा, काळे आकडे, काचेच्या एका कोपऱ्याला तडा. माझ्यात पाहण्यासारखे काही नाही, तरी चार हजार खोल्यांच्या एका हॉटेलातले सगळे नोकर माझ्याकडेच पाहायला येत. ही बढाई नाही, कारण आमच्या त्या लास वेगासच्या हॉटेलात भिंतीवर घड्याळ लावायची रीतच नव्हती.

जुगाराच्या दालनात ना खिडकी होती, ना घड्याळ. वेळ कळली तर माणूस उठून घरी जातो, म्हणून ही युक्ती. छतावर संध्याकाळचे गुलाबी आकाश रंगवले होते. त्याचा रंग उडाला की पुन्हा भरायला दोन पगारी रंगारी होते. बाहेर वाळवंट, आणि आत तळे! तळ्यात होड्या, काठाला दूरदेशाहून आणलेली वाळू, आणि पांढरे मोर. मोरांना वेगळा डॉक्टर होता. हजार दिव्यांचे झुंबर सहा माणसे रोज पुसत. ताजी फुले तिसऱ्या दिवशी कचऱ्यात जात, मग ती सुकलेली असोत वा नसोत.

या सगळ्या थाटाच्या खाली नोकरांचा एक लांबच लांब बोळ होता. मी तिथे, कपडे बदलायच्या खोलीसमोर टांगलेला होतो. कारखान्यातून मी थेट तिथेच आलो. मला खिळ्याला अडकवणारा ऑरविल हा हॉटेलचा म्हातारा वीजतंत्री. तो माझे सेल बदलायचा, काच पुसायचा. त्या देशात वसंतात सगळी घड्याळे एक तास पुढे करतात आणि शरदात पुन्हा मागे आणतात. तेव्हा ऑरविल शिडी घेऊन हजर. "चल म्हाताऱ्या, सरक पुढे," तो म्हणायचा. "वरचं झुंबर विझलं तर कुणाचं काही अडत नाही. तू चुकलास तर माणसं चुकतात." ते माझे सुखाचे दिवस होते.

खोल्या साफ करणाऱ्या बायकांत एल साल्वादोर देशातली डोमिंगा होती. हात दिवसभर साबणात, म्हणून मनगटी घड्याळ ती कपाटात ठेवायची आणि येता-जाता मला विचारायची, "काय म्हणतोस, राजा?" एका हिवाळ्यात तिची आई गावाहून तीन महिन्यांसाठी आली. एकदा डोमिंगाने तिला हॉटेल दाखवायला आणले. वरचे गुलाबी आकाश पाहून म्हातारी बोळात आली आणि म्हणाली, "अगं, इथे रात्र होतच नाही का? मग ही माणसं झोपतात तरी कधी?" बायका पोट धरून हसल्या. म्हातारी मात्र माझ्यापाशी उभी राहिली. तिला अक्षरे येत नव्हती. पण काटे पाहून म्हणाली, "हा बरा. हा खरं बोलतो."

त्याच हिवाळ्यात खर्चकपात झाली. रंगारी राहिले, मोरांचा डॉक्टर राहिला, ऑरविलला मात्र घरी पाठवले. माझी आठवण कोणाला येणार?

एप्रिलचा पहिला रविवार उजाडला. त्या सकाळी साडेअकराच्या विमानाने म्हातारी परत जाणार होती. विमानतळावर शेजारी सोडणार होते. "विमानाच्या दारापर्यंत हात धरून नेईन," असा शब्द डोमिंगाने तिला दिला होता. पण त्या आठवड्यात मुष्टियुद्धाचा मोठा सामना, हॉटेल तुडुंब, रजा कुठली? शनिवारी रात्री कामावर चढून रविवारी दहाला सुटायचे, एवढीच सवलत तिला मिळाली. आणि त्याच रात्री, ती आत असताना, सारा देश एक तास पुढे सरकला. मी तिथेच राहिलो.

सकाळची पाळी आली. "म्हातारं अजून झोपलंय वाटतं!" माझ्याकडे पाहून कोणीतरी हसले. दुसऱ्याने चिठ्ठी लिहून तक्रारींच्या पेटीत टाकली. सगळ्यांना वाटले, हे तर सगळ्यांनाच ठाऊक असेल. शिडी कोणीच आणली नाही.

दहाला दहा मिनिटे कमी असताना डोमिंगा खाली आली. माझ्या चेहऱ्यावर नऊला दहा मिनिटे कमी होती. तिची मैत्रीण लुझ, तीही रात्रीपासून आतच होती. ती म्हणाली, "तू निघ गं. उरलेल्या तीन खोल्या मी बघते."

"तुझी कंबर आधीच गेलीय, आणि तीन खोल्या बघतेस? अजून तास आहे की!"

"विमान तुझ्यासाठी थांबायचं नाही हां."

"हा आहे ना," डोमिंगा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली. "हा कधी फसवत नाही."

मित्रांनो, मला ओरडता आले असते तर! टिकटिक करण्यापलीकडे घड्याळाच्या हाती काय असते?

वर एका खोलीत उशाजवळच्या घड्याळात खरी वेळ होती. पण ती घड्याळे पाहुणे हवी तशी फिरवतात. तिने ते खोटे मानले आणि मला खरे. बाहेर बसथांब्यासमोरच्या बँकेच्या पाटीवर अकरा वाजून गेलेले दिसले, तेव्हा ती धावतच सुटली. ती पोहोचली तेव्हा विमानाचे दार बंद झाले होते. दारावरच्या मुलीने सांगितले, म्हातारी आत जायलाच तयार नव्हती. "माझी लेक शब्दाची पक्की आहे, पाच मिनिटं थांबा," एवढेच पुन्हा पुन्हा म्हणत होती.

नोव्हेंबरात म्हातारी गावी वारली. मधल्या काळात डोमिंगाला जायला मिळाले नाही.

त्या रविवारचे हे सारे मला कसे कळले? विमान चुकले त्याच्या दुसऱ्याच दिवशी डोमिंगा माझ्यासमोर उभी राहून लुझला सांगत होती. ती रडली नाही. तिने बादली पालथी घातली, तिच्यावर चढली आणि स्वतःच्या हाताने माझा काटा एक तास पुढे नेला. पुढे अठरा वर्षे, वसंतात आणि शरदात, ते काम तिने केले. कोणी सांगितले नव्हते.

मग तिचे गुडघे थकले, ती घरी बसली. पाठोपाठ हॉटेलही जुने ठरले. त्याहून मोठे बांधायचे, म्हणून ते पाडायचे ठरले. झुंबर विकले, होड्या विकल्या, मोरही गेले. मोडक्या खुर्च्यांच्या ढिगावर मी पडलो होतो, पुन्हा एक तास मागे. तेवढ्यात काठीचा आवाज आला.

"बाई, ते घेऊ नका, ते चुकीचं आहे," विकणारा म्हणाला.

डोमिंगाने माझी काच पदराने पुसावी तशी झग्याच्या टोकाने पुसली. "चुकीचं नाही रे," ती म्हणाली. "त्याला कुणी सांगितलंच नाही."

आता मी तिच्या स्वयंपाकघरात आहे, आईच्या तसबिरीशेजारी. मित्रांनो, एक मागणे आहे. भिंतीवर चुकलेले घड्याळ दिसले, तर हसून पुढे जाऊ नका. दुसरा कोणी करील म्हणून चिठ्ठी टाकू नका. एखादी बादली पालथी घाला आणि वर चढा. त्या घड्याळावर भरवसा ठेवून कोणीतरी, कुठेतरी, आपल्या आईला थांबायला सांगितलेले असते.