काठावरचा मास्तर

आमच्या हिला कुठल्याही गोष्टीची आतली बाजू बघितल्याशिवाय चैन पडत नाही. कपडे लहानमोठे करून द्यायचं तिचं दुकान आहे. कोट आला की आधी तो उलटा करून अस्तर बघणार, मग गिऱ्हाईक काय म्हणतंय ते ऐकणार. एकदा समोरच्या तलावावर पोहणारी एक मुलगी पोहायचा पोशाख आवळून घ्यायला आली आणि सहज बोलून गेली, "काकू, खोल पाण्यात तळाशी जाऊन वर बघितलं ना, की सगळं वेगळंच दिसतं."

"वेगळं म्हणजे कसं गं?"

मुलीला काही सांगता येईना. झालं! पन्नाशी उलटलेल्या आमच्या हिने दुसऱ्याच दिवशी तलावावर नाव घातलं.

पाण्यात पडलं की पोहता येतं म्हणतात. ही म्हण काढणारा गृहस्थ नक्की काठावर उभा असणार. कमरेएवढ्या पाण्यातही ही काठ घट्ट धरून उभी राहायची. पण बाई हट्टाची. रोज पहाटे उठायची, थंडी असो की अंग मोडून आलेलं असो. घरी बादलीत तोंड बुडवून श्वास धरायचा सराव करायची. पहिल्यांदा तो प्रकार बघितला तेव्हा मी तिला मानगुटीला धरून बाहेर ओढलं आणि वर बोलणी खाल्ली.

मी गाडी शिकवतो. शेजारच्या सीटवर बसून, पायाखाली स्वतःचा वेगळा ब्रेक घेऊन, जन्मभर लोकांना "हळू, सरळ, आरशात बघा" सांगत आलोय. तेव्हा बायको पाण्यात आणि मी घरात, हे शक्यच नव्हतं. ती पोहायची आणि मी तिच्या डाव्या बाजूने काठाकाठाने चालत सूचना द्यायचो. श्वास घ्यायला ती डावीकडे मान वळवायची की मी दिसायचो. मला वाटायचं, शिकवणं शिकवणं म्हणतात ते हेच.

खोल भागात जायला परीक्षा होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत, दोरी न धरता, एकटीने. शिकवणारी मुलगी फार कडक, आम्ही तिला शिट्टीबाईच म्हणायचो. तिने मला उजवीकडच्या बाकावर नेऊन बसवलं. हिने सुरुवात झोकात केली, डावीकडे मान वळवली, तर काठ रिकामा! मग शोधत शोधत उजवीकडे वळली, मी दिसलो, आणि दोरीखालून जी निघाली ती शेजारच्या रांगेतल्या एका आजोबांच्या पोटावर जाऊन आदळली.

"काका," शिट्टीबाई म्हणाली, "काकू पोहत नाहीयेत. त्या तुमच्याकडे येतायत."

ऐकून आधी मी सुखावलो, मग फार शरमलो.

पुढच्या रविवारी शेवटची संधी होती. त्यानंतर दुरुस्तीसाठी तलाव रिकामा करणार होते. तोवर मी काठावर फिरकायचं नाही, असं ठरलं. पहिल्या सकाळी ही रडवेली होऊन परतली.

"अहो, काठावर कोणीच नव्हतं."

"उद्या येतो" हे शब्द अगदी ओठांवर आले होते. ते मी चहाबरोबर गिळले. जित्याची खोड, पण बायकोसाठी एवढंही जमत नसेल तर माझ्या मास्तरकीला काय चाटायचंय? मी पहाटे अंथरुणात पडून छताला सूचना देत बसायचो. आठवडा सरत आला तशी ही शीळ घालत घरी यायला लागली.

रविवारी मी सगळ्यात मागच्या बाकावर, खांबाआड बसलो. हिने सुरुवात केली. निम्म्या वाटेत हात मंदावले. तिने डोकं वर काढलं आणि डावीकडे बघितलं. माझा उजवा पाय आपोआप फरशीवर करकचून दाबला गेला. तोंड मात्र मी उघडलं नाही.

तिने एक मोठा श्वास घेतला, तोंड पाण्यात घातलं आणि निघाली. सरळ! आखणी करून कात्री चालवावी तशी सरळ. पुन्हा एकदाही तिने मला शोधलं नाही. बायको आपल्याकडे बघत नाही याचा एवढा आनंद मला जन्मात कधी झाला नव्हता. मी खांबाआड उभा राहून वेड्यासारखा हसत होतो आणि डोळेही पुसत होतो.

लांब शिट्टी वाजली. "काका, या आता!"

मी धावत खोल भागाच्या काठाशी गेलो. हिने माझ्याकडे बघून हात हलवला, नाक दाबलं आणि गडप झाली. माझा जीव टांगणीला. मी वाकून वाकून खाली बघत राहिलो.

भसकन वर आली. चेहरा लहान मुलीसारखा फुललेला.

"कसं दिसतं गं?" मी विचारलं.

"अहो, तुम्ही दिसलात! पाण्याबरोबर हलत होतात. काय छान दिसता तुम्ही खालून!"

"छान म्हणजे कसा?"

तिने तोंडावरचं पाणी निपटलं.

"थांबा, नीट बघून येते," म्हणाली आणि परत खाली गेली.