रुतलेले डावे बटण

मित्रांनो, पेटी म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे दागिने येतील, नाहीतर सूर येतील. मी तसली भाग्यवान नव्हे. मी एक जुनी पेटी आहे, तळहाताएवढी, दोन बटणांची. एक डावे, एक उजवे. देवाने मला तोंड दिले नाही, आणि माझी सारी कथा त्या न दिलेल्या तोंडाचीच आहे.

एका म्हाताऱ्या कारागिराने मला घडवले. मला एका अवाढव्य चुंबकाच्या यंत्रात काम करायचे होते, म्हणून त्याने माझ्यात लोखंडाचा एक खिळासुद्धा घातला नाही. माझ्या कडा तो दोन दिवस घासत बसला. त्याची बायको म्हणाली, "अहो, पेटी आहे ती, नात नव्हे. किती गोंजाराल?"

"पोरांच्या हातात जायचीय," तो म्हणाला. "बोचायला नको."

बोचू नये एवढ्याचसाठी मी घडले. हे ध्यानात ठेवा, आणि मग पुढचे ऐका.

मी ज्या खोलीत राबले तिथे वाढत्या वयातल्या मुलामुलींच्या मेंदूचा अभ्यास चाले. या वयात सोबत्यांनी जवळ केले की मेंदूत काय उजळते, दूर लोटले की काय उजळते, ते तिथल्या डॉक्टरबाई पाहत. मूल यंत्रात आडवे होई आणि मला पोटावर धरी. डोळ्यांपुढच्या पडद्यावर तिघांचा चेंडूचा खेळ सुरू होई. डावीकडे हिरवा गडी, उजवीकडे निळा; माझे ज्या बाजूचे बटण दाबावे, त्या बाजूच्या गड्याकडे चेंडू जाई. "शेजारच्या खोल्यांत दोन मुलं बसलीत, त्यांच्याबरोबर खेळायचं," असे मुलाला सांगत. थोडा वेळ चेंडू येई. मग ते दोघे आपापसातच झेलत बसत.

खरे तर शेजारी कोणीच नसे. हिरवा आणि निळा, दोघेही संगणकातले. पण हे आधीच सांगितले तर मन दुखणार कसे, आणि मन दुखले नाही तर अभ्यास कसला? म्हणून त्या खोलीचा एक नेम होता. मूल बाहेर आले की आधी पिवळा कागद वाचायचा: ते दोघे खरे नव्हते, तुझ्यात काही कमी नाही. त्यानंतरच त्याच्या चपला आणि काढून ठेवलेल्या पिना-किल्ल्यांचा ट्रे परत द्यायचा. कागद ऐकून मुले खदाखदा हसत. एक म्हणाला, "अरेच्चा! मी तर त्या हिरव्याला बाहेर बघून घेणार होतो!" बाई मला मऊ फडक्याने पुसत आणि पाहुण्यांना सांगत, "ही आमच्यातली सगळ्यात शहाणी." मी फुलून जाई.

मग ती आली. तेरा वर्षांची, मान खाली. मदतनीस दादांनी गमतीने तिचे नाव ठेवले मौनीबाई. यंत्राच्या दारात ती आईला हळूच म्हणाली, "वर्गात मला कोणी घेत नाही. इथे तरी घेतील का गं?"

"घेतील की. ती मुलं तुला ओळखतसुद्धा नाहीत."

मित्रांनो, तिचे अंगठे थंडगार होते. चेंडू दोनदा आला. तिने एकदा हिरव्याला दिला, एकदा निळ्याला. कोणाला वाईट वाटू नये ना! मग चेंडू यायचा थांबला. ती मात्र डावे बटण दाबत राहिली. चेंडू आपल्याकडे नसताना बटण दाबले तर संगणक त्याची दखल घेत नाही. मी घेतली. सदतीस वेळा. शेवटी तिने इतके जोरात दाबले की बटण आत रुतले.

त्या दिवशी उशीर झाला होता. पुढच्या मुलाचे वडील घड्याळ बघत दारात उभे होते. बाई काचेपलीकडून माइकवर मुलांशी बोलत असत. दादांना वाटले, बाईंनी कागद माइकवरच वाचला. बाईंना वाटले, दादा वाचतील. दादांनी तक्त्यावर 'वाचून दाखवले' या चौकटीत खूण केली आणि ट्रे पुढे केला. तिने पिना केसांत खोचल्या.

"आई," ती म्हणाली, "ओळखत नसूनसुद्धा त्यांनी मला घेतलं नाही."

"असू दे गं. खेळच तो. चल."

मी खाटेवर पडून आतल्या आत ओरडत होते. कोण ऐकणार?

दर वर्षी तीच मुले पुन्हा बोलावत. वर्षभराने बाईंनी मला पुसता पुसता तिच्या घरी फोन लावला.

"ती घराबाहेरच पडत नाही हो," आई म्हणाली. "शाळासुद्धा सुटली. तुमच्याकडच्या त्या दोन मुलांचा विषय सारखा काढते. म्हणते, अनोळखी लोकांनासुद्धा मी नको असते."

बाईंचा हात माझ्यावरच थांबला. "अहो, पण तिला पिवळा कागद वाचून दाखवला होता ना?"

"कसला कागद?"

बाईंनी तक्ता काढला. खूण होती. "दादा, तुम्ही वाचला होतात ना?"

"मी? मला वाटलं, तुम्ही."

दोघेही सज्जन माणसे. म्हणूनच मला अधिक रडू येते.

दुसऱ्या दिवशी बाई मला आणि तो कागद पिशवीत घालून तिच्या घरी गेल्या. तिच्या खोलीचे दार बंद होते.

"बाळा, ती दोघं नव्हतीच गं. संगणक होता तो. दार उघड, मी तुला दाखवते."

आतून आवाज आला, "आईनं सांगायला लावलंय ना तुम्हाला? मला बरं वाटावं म्हणून?"

बाईंनी बंद दारापुढे उभे राहून तो कागद दोनदा वाचला. दार उघडले नाही. पुढच्या वर्षीही नाही.

आता नवे यंत्र आले, नवी पेटी आली. मी कपाटात जुन्या तक्त्यांखाली पडून असते. त्यांत तिचाही तक्ता आहे, आणि ती खूणही.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आमची धूळ पुसा, आम्हाला जपा. माझी धूळ राहू द्या. तुमच्या खेळाच्या कडेला कोणी थंड अंगठ्यांनी वाट बघत असेल, तर चेंडू त्याच क्षणी द्या. मागाहून दिलेला चेंडू बंद दारावर आपटून परत येतो. तो आवाज मी ऐकला आहे.

कारागिराने घासलेल्या माझ्या कडा अजून गुळगुळीत आहेत. डावे बटण तेवढे वर येत नाही.