लाल ठिपक्याचा कप

काकूने त्याच्या कपाच्या बुडाला नेलपॉलिशचा लाल ठिपका लावला होता. का, तर म्हणे, "तुझा कप दुसऱ्या कुणी घेऊ नये." आईबाप गेल्यावर तो लहानपणीच काकांकडे आला, तेव्हापासून ताट, कप, टॉवेल, सगळं वेगळं. पोराला वाटायचं, आपले लाड चाललेत. एकदा चुलतभाऊ त्या कपातून चहा प्यायला, तर काकूने त्याच्या कानाखाली जाळ काढला. तेव्हाही याला वाटलं, काकू आपली बाजू घेते.

आणि रोज एक गोळी. कॅल्शियमच्या डब्यातून. "तू जन्मतःच अशक्त, ताकदीची गोळी चुकवायची नाही."

आता तो एकवीस वर्षांचा बाप्या होता. सोफ्याच्या कारखान्यात फोम कापायचा, सांगाड्यावर रेक्झिन ताणून पिना मारायचा. सगळे त्याला पैलवान म्हणायचे. पैलवानाने ताकदीची गोळी खायची? हिवाळ्यापासून त्याने गोळ्या मोरीत टाकायला सुरुवात केली. त्याच दिवसांत कव्हरं शिवणारीशी त्याचं जमलं. तिच्या मैत्रिणीच्या खोलीवर भेटायचे. काळजी घ्यायची असते हे दोघांनाही ठाऊक होतं. घेतली नाही.

मग ताप हटेना, तोंडात पांढरा थर साचला. काकू नाइलाजाने त्याला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी तिला बाहेर बसवलं.

"एचआयव्ही तुला जन्मापासून आहे. आईकडून आलेला. गोळ्या नीट चालू असत्या तर तो दबून राहिला असता. जोडीदारालाही तुझ्याकडून गेला नसता."

"आणि माझ्या कपातून?"

"कपातून कधीच जात नाही. काकूंना कितीदा तरी सांगितलंय. तुला घेऊन या, असंही दर खेपेला म्हणत होते."

"त्या आणत नव्हत्या. तरी तुम्ही गोळ्या देत होता."

बाई चष्मा पुसत बसल्या.

घरी काकांनी दार लावून घेतलं. "झालं ते झालं. गोळी घे आणि तोंड बंद ठेव. आमच्या ताईचं लग्न जमतंय."

"कारखान्यातल्या एका पोरीला सांगावं लागेल."

"शी," काकू म्हणाली.

काका मात्र विचारात पडले. मग चेहरा खुलला त्यांचा. "मग सोपं आहे की. उद्या बोभाटा झालाच, तर तिच्याकडूनच लागलं म्हणायचं. असल्या पोरींचं कोण खरं मानतं?"

हा माणूस रोज सकाळी पेपर वाचून जग कसं नासलंय ते सांगायचा. काकूने लाल ठिपक्याचा कप पुढे सरकवला. त्याने तो तसाच ठेवला, काकांचा कप उचलला, दोन घोट घेतले आणि परत त्यांच्यापुढे ठेवला.

"प्या की, काका."

काकांनी कपाला बोट लावलं नाही. तो चपला घालून बाहेर पडला.

ती मशीनवर होती. त्याने सगळं सांगितलं, मोरीतल्या गोळ्यांसकट. तिने पाय थांबवला, शिलाईचा दोरा दाताने तोडला.

"तुझ्या घरच्यांना माहीत होतं?"

"सगळ्यांना. मी सोडून."

"थू." ती उठली, पर्स घेतली. त्याने हात पुढे केला, तो तिने झटकला. "दवाखाना कुठाय ते दाखव. आधी माझं काय ते कळू दे. मग तुझं थोबाड फोडायचं की तुझ्या काकाचं, ते ठरवते."