धुतलेलं घोंगडं

हिंमतराव गेले ते चैत्रात. तेराव्याला मंजुळाबाईनं रीतीप्रमाणं त्यांचं सारं देऊन टाकलं, धोतरं, बंड्या, पायातले जोडे, उशाचा पितळी तांब्यासुद्धा. माणूस गेल्यावर त्याचा कपडा घरात ठेवत नाहीत, जीव घुटमळतो म्हणतात. मागं राहिला तो एकटा कवड्या. त्याला कुणाला देणार?

पांढऱ्या अंगावर पिवळ्या कवड्या उमटलेलं हे कुत्रं आठ वर्षं हिंमतरावांच्या पायाशी निजलेलं. देऊळघाटच्या शिवारात पैनगंगेच्या काठाला त्यांचा भाजीचा मळा होता, तिथल्या खोपीत दोघं राखण करायचे. आता कवड्या मंजुळाबाईच्या सावलीला चिकटला. ती विहिरीवर गेली की हा विहिरीवर, ती न्हाणीत गेली की हा दाराला नखं लावून उभा. एक जण डोळ्याआड झालं ते परत आलं नाही, दुसऱ्याला तो कशाला जाऊ देईल?

पण रविवारचा बाजार चुकवून कसं चालेल? तोडलेली वांगी, मेथी थांबत नाही. पहिल्या रविवारी तिनं त्याला दावं लावून घरात कोंडलं. संध्याकाळी आली तर दावं चावून तुटलेलं, दारावर रक्ताचे ओरखडे. दुसऱ्या रविवारी ती त्याला घेऊनच निघाली. कंडक्टर हसून म्हणाला, "बाई, कुत्र्याचं तिकीट नाही आमच्यापाशी. अन् फुकट तर आम्ही सासऱ्यालेही नेत नाही!" सारी एसटी हसली. कवड्याला खालीच ठेवून गाडी सुटली. मागच्या काचेतून तिला धुळीत पळणारा एक पांढरा ठिपका दिसत राहिला. पुढच्या थांब्यावर ती टोपली घेऊन उतरली आणि पायीच माघारी आली.

तिसऱ्या रविवारी कवड्या दिवसभर मान वर करून रडला.

कुत्रं रडलं की घरात मरण येतं, असं गाव मानतं. शेजारच्या झुंबरबाईला तर जास्तच धास्ती, कारण तिची सून कोकिळा पोटुशी होती आणि आधीची दोन लेकरं हाताला लागली नव्हती. झुंबरबाई उंबऱ्यावर येऊन बसली.

"मंजुळे, तुयं दुःख मले कळत नाही असं नाही. पण पोरीनं कानात बोटं घालून किती दिवस काढाव वं?"

"काय करू काकी? त्याले सांगून पाह्यलं. समजत नाही त्याले."

"माणसाले समजत नाही, त्याले काय समजन!"

दीर उकंडराव दारातूनच बोलले, "वहिनी, मी त्याले ट्रकात घालून राजूर घाटाखाली सोडून येतो. तिकडं खाईन, राहीन."

दुसऱ्या दिवशी पहाटे जात्यावर मंजुळाबाईच्या तोंडी आपोआप आलं,

धनी गेले दूरदेशी, पाऊल उमटेना
मुक्या माह्या जीवाले गं, गेले हे उमजेना

मग एक दिवस खोपीच्या आढ्याला खोचलेलं हिंमतरावांचं घोंगडं सापडलं. तेराव्याला ते कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. तिनं ते घरात आणून टाकलं. कवड्यानं त्यात नाक खुपसलं, तीन फेरे घेतले आणि अंगाची मुटकुळी करून असा निजला, जणू मालकाच्या कुशीतच शिरला. त्या रविवारी घरातून आवाज आला नाही. पुढच्याही नाही. मंजुळाबाई बाजारातून आली की आधी त्या घोंगड्याचा एक कोपरा गालाला लावायची. तंबाखू, चुलीचा धूर, घाम. पाच महिने असेच गेले.

पितरं सरत आली, घट जवळ आले. घट बसवायचे म्हणजे घरातली चिंधीन् चिंधी धुऊन निघायला हवी. साऱ्या बाया नदीवर गोधड्या घेऊन चालल्या. झुंबरबाईनं विचारलं, "घोंगडं घेतलं ना वं? ते तसंच ठेवून देवी बसवतं का?"

"घेतलं, काकी."

घोंगडं तिनं सोड्यात भिजवलं, दगडावर आपटलं, पायांनी तुडवलं. पाणी आधी काळं निघालं, मग तांबूस, मग नितळ झालं. जन्मभराची सवय हातांना. घटाची धुणी म्हटलं की हात थांबत नाहीत. काठावर वाळलेल्या घोंगड्याची घडी करताना तिनं ते नाकाशी नेलं. नुसता सोड्याचा वास आला. तिनं नदीकडे पाहिलं. नदी आपली वाहत होती.

रविवारी कवड्यानं घोंगडं हुंगलं. पंजानं एकेक घडी उलगडली, खाली पाहिलं, पुन्हा हुंगलं. मग तिच्या तोंडाकडं बघत उभा राहिला. ती मान खाली घालून निघाली. परतताना एसटीच्या थांब्यावरच तिला त्याचं रडणं ऐकू आलं. कोकिळा भिंतीला टेकून घामाघूम बसलेली. उकंडरावांच्या हातात दोर होता.

"भाऊजी, एक बाजार द्या मले. फक्त एक."

"अन् मग?"

"मग तुम्ही म्हणसान तसं."

त्या आठवड्यात मंजुळाबाईनं अंगावरचं लुगडं बदललं नाही. त्यातच खुरपलं, त्यातच स्वयंपाक केला, त्यातच निजली. घरात घट बसलेले आणि आपण पारोशी! दिवा लावताना तिनं देवीपुढं कान धरले. "माय, एवढ्या खेपेले रागावू नको." नदीवर बाया म्हणाल्या, "काय वं, पाण्याशी अबोला धरला का?" ती घागर भरून चालू लागली.

रविवारी तिनं धुतलेलं लुगडं नेसून पारोसं लुगडं घोंगड्यावर पसरलं. कवड्यानं हुंगलं. बराच वेळ हुंगलं. मग त्यात तोंड घालून बसला. दार लोटून ती भिंतीमागं उभी राहिली, पहिली एसटी गेली तरी उभीच. आतून काही ऐकू आलं नाही.

उन्हं कलली तेव्हा ती बाजारातून आली. झुंबरबाई वाटेतच आडवी.

"हूं का चूं नाही वं दिवसभर! कोकिळाबी निजली दुपारी. उकंडराव दोर घेऊन आले होते, तसेच परत गेले. जादू केली का काय तू?"

मंजुळाबाईनं दार उघडलं. कवड्या शेपूट हलवत उठला, लुगड्याचा काठ तोंडात धरूनच. धुतलेलं घोंगडं पायानं सरकून भिंतीशी गोळा झालं होतं. ती उंबऱ्यावर बसली आणि पदर तोंडाला लावून हुंदके देऊ लागली.

झुंबरबाई गोंधळली. "आता काऊन रडतं, माय? राह्यला ना तो?"

"राह्यला, काकी." तिनं कवड्याकडं पाहिलं. "आजवर आम्ही दोघं धन्याची वाट पाहून राह्यलो होतो. आता मी एकटीच."

 टोपलीतली उरलेली मेथी झुंबरबाईनं उचलून सावलीत ठेवली आणि मंजुळाबाईशेजारी टेकली. कवड्यानं मांडीवर डोकं टाकलं. त्याला उठवायला नको म्हणून, चूल पेटवायची वेळ होऊन गेली तरी, मंजुळाबाई जागची हलली नाही.