माझ्या बुधवारात कोटाची बटणं

दचकू नका, शिलाई मशीनच्या डाव्या बाजूने मीच बोलतेय. मी गोळ्यांची डबी. आठवड्याचे सात वार आणि प्रत्येक वाराचे दोन खण, एक सकाळचा, एक संध्याकाळचा. म्हणजे चौदा खोल्यांचं घरच म्हणा ना. रंग निळा. झाकणंही निळी, त्यामुळे माझ्या पोटात काय आहे ते बाहेरून कुणाला दिसत नाही. या एका गोष्टीने पुढे माझं तोंड काळं केलं.

माझा जन्म एका कारखान्यातल्या साच्यात झाला. त्याच दिवशी माझ्या शेकडो बहिणी जन्मल्या, त्यामुळे कौतुक कुणाचंच झालं नाही. खोक्यात बसून मी एका इस्पितळाच्या औषधांच्या दुकानात आले. वाटलं होतं, आपल्या नशिबी एखादे खोकणारे आजोबा असणार. पण मला घेतलं ते एकशे अडतीस किलोंच्या एका शिंप्यासाठी. घेतलं त्याच्या बायकोने. तो स्वतः खुर्चीत बसला होता आणि खुर्ची बिचारी मुकाट सोसत होती.

सगळे त्याला मास्तर म्हणतात. वजन कमी करण्यासाठी त्याचं ऑपरेशन झालं होतं. जठराची छोटीशी पिशवी करून ती पुढे आतड्याला जोडली होती. शुद्धीवर आल्यावर मास्तरांनी डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारला, "आतून टाका कुठला घातलात?" मग पोटावरच्या बारीक खुणा निरखून म्हणाले, "हात साफ आहे तुमचा. एवढ्या मोठ्या कापडावर एवढं कमी दिसणारं काम मला नसतं जमलं."

घरी जाताना आहारतज्ज्ञ बाईंनी मला हातात घेऊन सगळं समजावलं.

"मास्तर, आता जेवण थोडं जाणार. आणि जाईल त्यातलंही सगळं अंगी लागणार नाही. म्हणून या जीवनसत्त्वांच्या गोळ्या. सकाळच्या खणात बी-बारा आणि लोह, संध्याकाळच्या खणात कॅल्शियम. लोह आणि कॅल्शियम एकत्र घ्यायचं नाही."

"का? भांडतात?"

"दोन जावांसारखी. एक दुसरीला आत येऊ देत नाही. आणि या गोळ्या कायमच्या आहेत."

"कायमच्या म्हणजे किती महिने?"

"कायमच्या म्हणजे मी रिटायर झाले तरी!"

पहिलं वर्ष माझ्या सुखाचं गेलं. दुकान पुढे आणि घर मागे. मला जागा मिळाली ती थेट मशीनजवळ, कात्री आणि टेपच्या पंगतीत. दर रविवारी मास्तरांच्या बायको, म्हणजे गिऱ्हाइकांच्या वहिनी, माझे चौदा खण भरायच्या. सकाळी माझं झाकण टक्‌ करून उघडायचं, एक जाडजूड हात आत यायचा. पुढे तो हात जाडजूड राहिला नाही.

मास्तरांनी त्या वर्षात स्वतःची पँट पाच वेळा आत घेतली. सहाव्या वेळी दोन्ही खिसे मागे जाऊन एकमेकांना भेटले, तेव्हा नवी शिवली. गिऱ्हाइकं दारातूनच ओरडायची, "काय मास्तर, तुम्हाला कुणी उसवलं?" मास्तर लाजायचे, पण आरशासमोरून जाताना मान वळायचीच.

आणि इथेच घात झाला.

एके दिवशी मास्तर कुणालातरी सांगताना मी ऐकलं, "दुरुस्तीचा कपडा एकदा नीट बसला की विषय संपतो. रोज रोज त्याला कोण टाके घालतं?" बस, शिंप्याचं डोकं शिंप्यासारखं चाललं. त्यांच्या हिशेबी ते दुरुस्त होऊन, इस्त्री होऊन, घरी आलेले होते. मग गोळ्या कशाला? त्यांनी वहिनींना सांगितलं, "अगं, डबी मीच भरत जाईन. तुला किती कामं!" वहिनींना बरं वाटलं. इस्पितळातून रक्त तपासायला या म्हणून फोन आला, तर "लग्नसराई संपू दे" झालं. लग्नसराई संपली आणि फोन विसरला गेला.

मी रिकामी पडले. मग एका दुपारी मास्तर एक बटण शोधत होते. बरणी उपडी केली, बटणं चौफेर पळाली. त्यांची नजर माझ्यावर पडली. "अरे! ही तर माझ्यासाठीच केलेली दिसते!" बघता बघता सोमवारात शर्टाची बटणं, मंगळवारात पँटचे हूक, बुधवारात कोटाची मोठी चार भोकांची, गुरुवारात प्रेसबटणं.

खोटं कशाला बोलू, मला आवडलं. गोळ्या आज येतात, उद्या जातात. बटणं राहायला येतात. काही तर फार देखणी होती.

पण रोज सकाळी झाडताना वहिनी मला उचलून कानाशी हलवायच्या. मी खुळखुळायचे. "भरलेली आहे," म्हणत त्या निर्धास्त पुढे जायच्या. मी त्या बाईला रोज खोटी साक्ष देत होते. वर्षभर दिली.

मग मास्तरांच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या. "मशीनच्या मोटरमुळे," ते म्हणाले. टाचण्या हातातून निसटू लागल्या. "हल्ली टाचण्याच गुळगुळीत येतात." जिना चढताना दम लागायचा, त्याला जिना जबाबदार. एवढ्या निर्जीव वस्तूंवर आळ आला, पण खरी दोषी मी, माझं नाव कुणी घेतलं नाही.

एका वकीलबाईंचा पांढरा शर्ट चालू होता. मास्तर कॉलरला हाताने टाके घालत होते. मधेच थांबून म्हणाले, "अगं, यात लाल दोरा कुठून आला?"

वहिनींनी वाकून पाहिलं. तो दोरा नव्हता. सुई बोटात चांगली घुसली होती आणि कॉलरवर थेंब थेंब रक्त पडत होतं.

"अहो, दुखत नाही का?"

"काय?"

वहिनींनी सुई उपसून काढली. मास्तर आपल्याच बोटाकडे परक्या माणसाच्या बोटाकडे पाहावं तसे पाहत राहिले.

"गोळ्या घेता ना रोज?" म्हणत वहिनींनी मला उचललं, हलवलं. मी खुळखुळले. इतकी लाज मला कधीच वाटली नव्हती. या वेळी त्यांनी झाकण उघडलं. बुधवारचं.

"हे काय?"

वहिनींनी पुढचं झाकणही उघडलं.

"बुधवारी कोटाची बटणं! आणि गुरुवारी? वा! रविवारी काय गिळता, चेन?" बोलता बोलता त्यांचा आवाज फाटला. "मी रोज हलवून बघत होते हो. रोज."

त्याच दिवशी इस्पितळ. रक्ताचा रिपोर्ट पाहून आहारतज्ज्ञ बाई हसल्या नाहीत, तेव्हा मास्तर घाबरले. बी-बारा जीवनसत्त्व तळाला गेलं होतं, त्याच्या कमतरतेने नसांना इजा झाली होती.

"डॉक्टर इंजेक्शनं सुरू करतील. गोळ्याही हव्यातच," बाई म्हणाल्या. "पण नसा सावकाश सुधारतात. किती सुधारतील ते आज नाही सांगता येणार."

मास्तरांनी एकच विचारलं, "सुई कळेल का मला?"

"प्रयत्न करू."

बटणांनी माझं घर सोडलं. मी पुन्हा गोळ्यांची झाले. हातशिलाई सगळी वहिनींकडे गेली. मास्तर शेजारी बसून नुसते बघायचे. "टाका जरा जवळ घे," म्हणायचे. "तुम्ही तुमची गोळी घ्या," असं उत्तर यायचं. चार महिने असे गेले. गिऱ्हाईक नसलं की मास्तर कापडाच्या तुकड्यावरून बोट फिरवत बसायचे. सुती आहे की रेशमी, डोळे मिटून ओळखायला बघायचे. ओळखता आलं नाही की तुकडा हळूच गादीखाली सरकवायचे. ते फक्त मला दिसायचं.

पाचव्या महिन्यात वहिनी दोरा आणायला आत गेल्या, तेव्हा मास्तरांनी अर्धवट तुरपाई उचलली. दोन टाके गेले. तिसऱ्याला किंकाळी फुटली.

"आई गं!"

वहिनी धावत आल्या. "काय झालं?"

"टोचलं!"

"लागलं का?"

"लागलं! अगं, चांगलं लागलं!"

वहिनींनी त्यांचा हात धरला, सुई घेतली आणि शेजारच्या बोटाला टोचली. "इथे?"

"आई गं!"

"आणि हे?"

"अगं हळू! सगळा सूड आजच उगवतेस का?"

दारात एक गिऱ्हाईक कपड्यांची पिशवी घेऊन उभं होतं. नवरा ओरडतोय, बायको सुया टोचतेय आणि दोघंही रडत हसतायत, हे पाहून ते म्हणालं, "मी नंतर येतो."

करंगळी अजून बधिर आहे. ती कदाचित तशीच राहील, असं बाई म्हणाल्या. मास्तर तिला दुमडून ठेवतात आणि उरलेल्या बोटांनी काजं करतात.

मी आता जुनी झाले. वारांची अक्षरं पुसट झालीत, शुक्रवारच्या झाकणाला रबर लावलंय. मला कुणी जपून ठेवावं असं काही नाही. एकच मागणं आहे. तुमच्या घरी माझी एखादी बहीण असेल तर तिला हलवून तिच्या आवाजावर विश्वास ठेवू नका. झाकण उघडून बघा.

चला, मास्तरांनी पाण्याचा पेला हातात घेतलाय. मला आता तोंड उघडायला हवं.