अर्धाच ग्लास

मी पोटातला फुगा बोलतोय. हसलात ना? हसा. वाढदिवसाला भिंतीवर टांगतात ते माझे दूरचे भाऊबंद. मला मात्र घडी घालून एका गोळीत बसवलं होतं, मागे बारीक नळी जोडून.

ताईनं मला गिळलं ते बारीक दिसायच्या हौसेनं नव्हे. तिचा धाकटा भाऊ डायलिसिसवर होता. तिची किडनी त्याला जुळत होती, पण वजन उतरल्याशिवाय ऑपरेशन नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं.

नळीतून माझ्यात पाणी भरलं. किडन्या निकामी झाल्यामुळे भावाला दिवसभरात जेवढं प्यायची मुभा होती, साधारण तेवढंच.

"चार महिन्यांनी हा आपोआप रिकामा होऊन बाहेर पडेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "क्वचित आतड्यात अडकतो. पोट दुखलं, उलट्या झाल्या, तर अंगावर काढायचं नाही."

ताई हो म्हणाली. तिचा हो मला तेव्हाच पटला नाही.

पहिले काही दिवस ती ओकून ओकून बेजार झाली. मग आमचं जमलं. वजन उतरू लागलं, पण त्याचं श्रेय एकट्या मला नको. मी नुसता जागा अडवून बसलो होतो, समोरचं ताट तीच बाजूला सारत होती. भावावरही तिचा पहारा असे.

"अर्धाच ग्लास! बाकीचं ठेव खाली."

"आली जेलर," तो म्हणे.

ऑपरेशनची तारीख ठरली आणि त्याच आठवड्यात माझी झडप उघडली. रिकामा होऊन मी खाली सरकलो आणि आतड्याच्या एका वळणावर अडकलो. पुढे जाता येईना, मागे येता येईना. माझ्यामागे सगळं तुंबत चाललं. मी फार घाबरलो.

ताई नळ सोडून ओकायची आणि बाहेर येऊन म्हणायची, "गॅस झालाय." बोललं तर तारीख हुकेल, एवढंच तिच्या डोक्यात. अगं बाई, आतडं फाटलं तर तूच राहणार नाहीस! पण माझं ऐकतो कोण?

दुसऱ्या संध्याकाळी भावानं तिला चिडवायला तिच्यासमोर पाणी प्यायला घेतलं. गटागटा अख्खा ग्लास संपवला. ताई काहीच बोलली नाही.

"ताई, मी अख्खा ग्लास प्यायलो."

"बरं."

"बरं काय? ऊठ. चप्पल घाल."

"अरे, पण तारीख..."

"खड्ड्यात गेली तारीख. ऊठ आधी!"

पोट उघडून मला काढलं. आता मी तिच्या खाटेशेजारी बरणीत पडलोय, चुरगळलेला. किडनीचं ऑपरेशन पुढे गेलं. किती पुढे, ते कोणी सांगत नाही. भावाच्या डायलिसिसच्या फेऱ्या चालूच आहेत.

थोड्या वेळात मला कचऱ्यात टाकतील. जाता जाता एवढंच सांगतो: मला गिळायचं तर खुशाल गिळा, पण दुखलं तर बोला हो, लगेच बोला.

आत्ता भावानं बाटलीतून ग्लासात पाणी ओतलं. ताईनं डोळेसुद्धा उघडले नाहीत.

"किती घेतलंस रे?" ती म्हणाली.